भोंगा भंगारात कशाला?
अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावात भजनाचा किंवा दवंडीचा जुना भोंगा मुका झाला, की ‘नवाच आणा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. भोंग्याचा ॲल्युमिनियमचा कर्णा आणि युनिटमधलं चुंबक वर्षानुवर्षं टिकतं. ताकदीबाहेर आवाज वाढवला की जळते ती पडद्याला चिकटलेली तांब्याची बारीक कॉइल. कॉइलचा व्यास आणि ओहम जुळले, की पडदा बदलून तोच भोंगा पुन्हा बोलतो. अडचण कारागिरीची नाही, जुळणाऱ्या पडद्याची आहे. केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. पण तालुक्याच्या दुकानात सुटा भागच नसेल, तर पोर्टल काय कामाचं? कंपन्यांनी जुन्या युनिटांचे पडदे आणि मापं खुली ठेवलीच पाहिजेत.

नवा भोंगा स्वस्त पडतो, असं म्हणतात. हलक्या मालाच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तो किती हंगाम टिकतो, हेही हिशेबात धरा. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. तो रास्तच, मात्र 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा नव्या-जुन्या दोन्ही भोंग्यांना सारखीच लागू आहे. गोंगाट ॲम्प्लिफायरच्या बटणावरच्या हातातून येतो.