गावाचा वार आणि वेळेची नोंद

कपाशी पेरून दीड महिना झाला, की गुलाबी बोंडअळीवर पाळत ठेवण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावावयाचे असतात, हेक्टरी पाच. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, म्हणजे उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. ज्या कामात तीन रात्रींना एवढे महत्त्व, त्या कामासाठी विस्तार कार्यकर्ता ‘या आठवड्यात केव्हातरी’ येणार असेल, तर चोपड्याच्या किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याने काय करावे? एक दिवस तो वाट पाहतो. दुसऱ्या दिवशी दुकानदार देईल ते औषध आणून फवारतो.

कार्यकर्ता कामचुकार असतो असे नव्हे. त्याचा वेळ कोठे जातो, हे शेतकऱ्यास कळत नाही आणि पुष्कळदा कचेरीसही कळत नाही. सामूहिक विकास योजना 1952 साली सुरू झाली, तेव्हापासून ग्रामसेवकाच्या हाती दैनंदिनी आहे. परंतु ती वरिष्ठांसाठी, काम झाल्यावर लिहिली जाते. महिनाअखेरीस एका बैठकीत पुरी केलेली दैनंदिनी म्हणजे स्मरणशक्तीची परीक्षाच होय!

खानदेशास याहून चांगली रीत अपरिचित नाही. पांझरेवरील बंधाऱ्यांच्या फडांत पाटकरी पाळीने पाणी देतो आणि पाळी कोणाची, हे साऱ्या फडास ठाऊक असते. विस्तारकार्यातही हे तत्त्व एकदा आणले गेले होते. राजस्थानातील चंबळ लाभक्षेत्रात 1974 साली डॅनियल बेनॉर यांच्या मार्गदर्शनाने सुरू झालेली प्रशिक्षण व भेट योजना पुढे महाराष्ट्रानेही स्वीकारली. तीत कार्यकर्त्याच्या क्षेत्राचे आठ गट पाडून प्रत्येक गटास पंधरवड्यातून एकदा, ठरल्या वारी भेट देण्याचा दंडक होता. योजना संपली, तिच्यातील ठरलेला वार मात्र संपावयास नको होता.

आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे आणि मंडळातील सर्वांची मिळून एक सामाईक दिनदर्शिका त्यावर ठेवता येते. तीत प्रथम गावांचे वार भरावेत, मग हंगामाची कामे: मृगबाग व कांदेबाग केळीची लागवड, कपाशीतील सापळे, रब्बीची बीजप्रक्रिया. कामाचे प्रकार सहा-सातच असावेत. चाळीस प्रकारांची यादी दिली, तर प्रत्येकजण ‘इतर’ हाच प्रकार निवडील. सायंकाळी कार्यकर्त्याने ठरलेली नोंद प्रत्यक्षाप्रमाणे दुरुस्त करावी, एवढेच त्याचे काम. गाववार व कामवार तासांची बेरीज संगणकाने करावी आणि तोच अहवाल कचेरीने घ्यावा. त्यावर पुन्हा कागदी तक्ता मागितला, तर सारी योजना फुकट गेली. सर्वांच्या नोंदी सर्वांना दिसाव्यात, बदल मात्र ज्याचा त्यानेच करावा. सातपुड्याच्या पायथ्याशी संपर्क नेहमी मिळत नाही. म्हणून नोंद यंत्रात साठून राहील व संपर्क येताच पुढे जाईल, अशीच प्रणाली निवडावी.

ही दिनदर्शिका म्हणजे पाळत, अशी शंका कार्यकर्त्यांना येते आणि ती निराधार नाही. तासांचा आकडा पाहून शाबासकी अथवा ठपका दिला, की आकडे फुगतात. म्हणून ‘बस चुकली’, ‘शेतकरी भेटला नाही’ अशा नोंदींस दोष मानू नये. रावेर-यावलच्या भागात वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा पंचनाम्यांपुढे सारे वार कोलमडतात. अशा वेळी कोणत्या गावाची भेट राहिली, हे दिनदर्शिका दाखविते आणि पंचनाम्यांत किती दिवस गेले, याचा हिशेबही तीच देते. अधिक माणसांची मागणी करावयाची, तर त्या हिशेबाइतका सबळ पुरावा दुसरा नाही. आज तो वेळ कोठेच लिहिला जात नाही आणि राहिलेल्या भेटीचा दोष मात्र कार्यकर्त्याच्या माथी येतो.

सर्व तालुक्यांत एकदम आरंभ करण्याची घाई नको. एका मंडळाने एक हंगाम अनुभव घ्यावा, अडचणी टिपाव्यात आणि मग शेजारच्या मंडळास शिकवावे. पहिले काम ग्रामपंचायतीच्या फलकावर गावाचा वार लिहिण्याचे. त्यास भ्रमणध्वनीही लागत नाही.