‘सार्वजनिक’ कामासाठीं!

सार्वजनिक कामासाठीं जमीन घेण्यांत येत आहे, अशी नोटीस चावडीवर लागली म्हणजे शेतकऱ्याच्या पोटांत गोळा कां उठतो, हें आमच्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. रस्ता, तलाव, शाळा हीं कामें खरोखरीच सर्वांचीं असतात, आणि त्यांसाठीं कोणी तरी आपलें रान सोडलेंच पाहिजे, हें आम्हांस कबूल आहे. आमची स्वतःची शाळा एका शेतकऱ्यानें सोडलेल्या जागेवर उभी आहे. परंतु ‘सर्व जन’ म्हणजे कोण, आणि त्यांतून कोणास वगळावयाचें, हें ठरविण्याची लेखणी कोणाच्या हातीं असते? हा प्रश्न नीट कळावा म्हणून आज आम्ही वाचकांस फार दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेणार आहों. तेथें एका कृष्णवर्णी जोडप्याची समुद्रकांठची जमीन बागेच्या नांवाखालीं काढून घेण्यांत आली, आणि ती त्यांच्या वंशजांस परत मिळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

लॉस एंजेलिस शहराच्या नैर्ऋत्येस, पॅसिफिक महासागराच्या कांठीं मॅनहॅटन बीच नांवाचें एक लहानसें नगर आहे. (न्यूयॉर्कांतलें मॅनहॅटन तें निराळें, भूगोलाच्या तासाला मुलें येथें हमखास गोंधळतात, आणि मास्तरही.) विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें वाळूच्या टेकड्यांशिवाय फारसें कांहीं नव्हतें. पुढें विजेच्या गाड्या समुद्रापर्यंत धांवूं लागल्या, जमिनीचे दलाल वाळूचे तुकडे पाडून विकूं लागले, आणि 1912 च्या डिसेंबरांत तेथें रीतसर नगरपालिका झाली. मोकळी हवा, समुद्रस्नान आणि रविवारची सहल हाच त्या गांवाचा माल. तो मात्र फक्त गोऱ्या गिऱ्हाइकास विकावयाचा, असा बेत होता.

त्याच 1912 सालच्या आरंभीं विला ब्रूस या कृष्णवर्णी बाईनें तेथें समुद्रासमोरचा एक तुकडा 1,225 डॉलरला विकत घेतला. नवरा चार्ल्स आगगाडीच्या भोजनडब्यांत स्वयंपाकी, सदा फिरतीवर. म्हणून धंद्याचा सारा कारभार बाईंच्याच हातीं. त्यांनीं प्रथम थंड पेयें व फराळ विकण्याचें लहानसें दुकान घातलें, कपडे बदलण्याची सोय केली, पोहण्याचे पोषाख भाड्यानें ठेवले. 1920 सालीं लगतचा दुसरा तुकडा घेतला. पुढें खालीं उपाहारगृह आणि वर नाचगाण्याचा दिवाणखाना, अशी दुमजली इमारत उठविली. लोक त्या जागेला ‘ब्रूस बीच’ म्हणूं लागले, आणि आणखी कांहीं कृष्णवर्णी कुटुंबांनीं आसपास जागा घेऊन घरें बांधलीं. समुद्रकांठीं जागा घ्यावयास आपण जेथें जेथें गेलों तेथें तेथें नकार मिळाला, पण ही जमीन आतां माझी आहे आणि ती मी राखणार, अशा अर्थाचें विलाबाईंचें बोलणें 1912 च्या वृत्तपत्रांत छापलेलें आहे. आमच्या शाळेंतल्या मुलींस तें पाठ करून द्यावें असें आम्हांस वाटतें.

पहिल्याच उन्हाळ्यांत अडवणूक सुरू झाली. ब्रूस यांची जागा आणि लाटा यांच्या मध्यें वाळूचा एक पट्टा होता, तो एका गोऱ्या जमीनदाराचा. तेथें खुंट्या ठोकल्या गेल्या, ‘येथून जाण्यास मनाई आहे’ अशा पाट्या लागल्या, आणि लोकांस परतविण्यास शिपाई उभे राहिले. जागा तुमची, दुकान तुमचें, समोर समुद्र. पण पाण्यांत पाय बुडवावयाचा तर अर्धा मैल वळसा घालून या! आलेले पाहुणे खरोखरीच तेवढें चालून गेले, आणि पोहून आले. बांधावरच्या वाटेचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही युक्ति ओळखीची वाटेल. शेताला हात लावावयाचा नाहीं, नुसती वाट तोडावयाची. मग शेत आपोआप पडीक पडतें.

समुद्रांत डुंबणें ही चैन आहे, पोटाचे प्रश्न सोडून चैनीसाठीं कशाला भांडावें, असें म्हणणारे शहाणे सर्व देशांत असतात. त्यांस आमचें उलट विचारणें आहे कीं, तेथें येणारे लोक होते कोण? दुसऱ्याच्या घरीं सैंपाक करणाऱ्या व कपडे धुणाऱ्या बाया, आगगाडीवरचे हमाल, लहान दुकानदार, हातावर पोट असलेले गडी. सहा दिवस दुसऱ्यांचीं मुलें संभाळावयाचीं आणि सातव्या दिवशीं स्वतःचीं मुलें घेऊन समुद्र पाहावयास निघालें तर पाटी आडवी यावयाची, याला चैनीचा तंटा म्हणावयाचें काय? आणि या ‘चैनी’साठीं जीवही गेले आहेत. 27 जुलै 1919 रोजीं शिकागो शहरीं युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा मिशिगन सरोवरांत तराफ्यावर खेळतां खेळतां गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या बाजूकडे वाहत गेला. पाण्यावर रेघ नव्हती कीं दोरी नव्हती. कांठावरून दगड आले, आणि मुलगा बुडाला. त्यावरून जी दंगल पेटली तींत 38 माणसें मेलीं, पैकीं 23 कृष्णवर्णी.

मॅनहॅटन बीचची मंडळी शिकागोहून हुशार. छळ तेथेंही झाला. गोऱ्या शेजाऱ्यांनीं आणि क्लॅनवाल्यांनीं तो केला, अशी कबुली कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें 2021 सालच्या कायद्यांतच नमूद करून ठेविली आहे. पण छळानें ब्रूस हलले नाहींत, तेव्हां शाई कामास आली. 1924 सालीं नगरमंडळानें असें ठरविलें कीं, ब्रूस यांची जागा ज्यांत आहे ते दोन गट सार्वजनिक बागेसाठीं सक्तीनें घ्यावे. त्या गटांत तीसेक तुकडे होते, बहुतेक नुसती वाळू. ज्यांचीं चालतीं घरें आणि चालता धंदा उठणार होता ते मात्र कृष्णवर्णी होते. वरकरणी कारण एकच: गांवाला बाग पाहिजे. त्यावर कोण काय बोलणार? बागेला नाहीं म्हणणारा मनुष्य दुष्टच दिसावयाचा! मात्र 1940 नंतर त्याच मंडळाच्या एका माजी सभासदानें स्थानिक पत्रांत आपण होऊन लिहून टाकलें कीं, काळ्यांची वस्ती उठविणें हाच खरा हेतु होता, आणि बागेचा हा हेतु सभेंत कधींही कबूल करूं नका, असा सल्ला वकिलांनीं सभासदांस दिला होता. या गृहस्थाचा आम्हांस राग येत नाहीं. निदान त्यानें लिहिलें. असले सल्ले सभेच्या टिपणांत बहुधा सांपडत नाहींत.

ब्रूस कोर्टांत गेले. जागा, इमारत आणि नुकसान मिळून त्यांनीं 1,20,000 डॉलर मागितले. 1929 सालीं पदरांत पडले 14,500. तिसरीच्या मुलानेंही हा हिशेब करून पाहावा: मागितलेल्या रुपयाला दोन आणेसुद्धां मिळाले नाहींत. येथें कोणी असें म्हणेल कीं, 1,225 ला घेतलेल्या जागेचे 14,500 आले, मग रड कशाची? पण दुसरा तुकडा, दुमजली इमारत आणि बारा वर्षें जमविलेलें गिऱ्हाईक यांची किंमत या हिशेबांत कोठें आहे? आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, ते पैसे घेऊन ब्रूस यांनीं जावें कोठें? ज्या किनाऱ्यावर त्यांस विलाबाई म्हणाल्या तसा जागोजाग नकारच मिळत होता, तेथें हातांतल्या पैशानें दुसरी वाळू मिळणार नव्हती. शेतकऱ्यास मोबदला द्यावा आणि पंचक्रोशींत त्याला कोणी जमीन विकूं नये, असा हा न्याय. नवराबायको लॉस एंजेलिसास गेलीं, आणि उरलेलीं वर्षें दुसऱ्यांच्या उपाहारगृहांत स्वयंपाक करून त्यांनीं पोट भरलें.

आतां बागेच्या प्रेमाची परीक्षा पाहा. 1927 सालीं, ब्रूस यांची वस्ती मोडल्यावर, याच नगरानें समुद्रकांठची सार्वजनिक वाळू एका खासगी गोऱ्या गृहस्थास एका डॉलरच्या नाममात्र भाड्यानें देऊन टाकिली. हेतु असा कीं, खासगी जागा म्हणून त्यानें वाटेल त्यास हांकून लावावें. म्हणजे खासगी जमीन ‘सार्वजनिक’ म्हणून काढून घ्यावयाची आणि सार्वजनिक जमीन ‘खासगी’ म्हणून कोंडावयाची! शब्द दोन, काम एकच. एका तरुण कृष्णवर्णी विद्यार्थिनीस तेथें पोहल्याबद्दल अटक झाली. तेव्हां कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेचे अध्यक्ष, दंतवैद्य डॉ. हडसन हे 17 जुलै 1927 रोजीं मंडळी घेऊन त्याच पाण्यांत मुद्दाम उतरले. त्यांसही अटक झाली. पण गवगवा झाला, आणि नगरास तो पट्टा रद्द करून किनारा खुला करणें भाग पडलें.

त्याच वर्षीं, त्याआधीं चारच महिने, 20 मार्च रोजीं महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. तें तळेंही नगरपालिकेचें, सार्वजनिकच. तें सर्वांस खुलें असल्याचा ठराव 1924 सालींच झाला होता, आणि सत्याग्रहानंतर 4 ऑगस्ट 1927 रोजीं नगरपालिकेनें तो मागें घेतला. हायकोर्टाचा निकाल मिळावयास 17 मार्च 1937 उजाडला. दोन्ही ठिकाणच्या लोकांस एकमेकांची खबर होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. तेव्हांपासून तिकडच्या काळ्या माणसाची हकीकत घरची म्हणून ऐकण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या अर्पणपत्रिकेनंतर एकावन्न वर्षांनीं ब्रूस यांच्यावर ती नोटीस आली, हेंही मग ऐकिलें पाहिजे.

बरें, ती बाग तरी झाली काय? घरें पाडलीं, आणि जमीन वर्षानुवर्षें तशीच पडून राहिली. जिच्यावांचून नगराचें अडत होतें ती बाग लावावयास जवळजवळ तीस वर्षें कोणास सवड झाली नाहीं. ब्रूस यांचे दोन तुकडे 1948 सालीं राज्याकडे गेले, 1995 सालीं राज्याकडून काउंटीकडे, म्हणजे तेथील जिल्ह्याकडे; आणि पोहणाऱ्यांस बुडतांना वांचविणाऱ्या जीवरक्षकांचें ठाणें त्यांवर झालें. वरच्या बागेस 2007 सालीं ब्रूस यांचें नांव देण्यांत आलें व एक पाटी बसविली. तींत काय लिहावें? ही वस्ती ज्याच्या कृपेनें शक्य झाली म्हणून पहिला मान दिला, तो नगराचा एक गोरा संस्थापक. ज्या पट्ट्यावर त्या खुंट्या ठोकल्या होत्या त्याचा हाच मालक! आणि वस्ती उठविल्याबद्दल सांगितलें कीं, तीं दुःखद घटना म्हणजे निराळ्या काळाच्या विचारांचें प्रतिबिंब होय. काळ कांहीं सभेला आला नव्हता. ठराव सभासदांनीं केला, आणि त्यांचीं नांवें दप्तरांत आहेत. पुढें ती पाटी बदलावी लागली. 2023 सालीं नवी बसली.

2020 सालीं कॅव्हॉन वॉर्ड या त्याच नगरांत राहणाऱ्या कृष्णवर्णी बाईनें हा प्रश्न पुन्हां उचलला. त्या नगरांत कृष्णवर्णी लोक शेंकडा एकही नाहींत, हें लक्षांत घेतां तिच्या धिटाईची किंमत कळते. 30 सप्टेंबर 2021 रोजीं जमीन परत देण्याची मुभा देणारा कायदा झाला; 28 जून 2022 रोजीं काउंटीच्या मंडळानें मंजुरी दिली; जुलैंत कागद वारसांच्या हातीं आले. पुढें 2023 सालीं वारसांनीं ती जागा सुमारें दोन कोट डॉलरला काउंटीसच विकली. त्यावर ‘अखेर पैसाच पाहिला’ अशी टीका झाली. ही टीका करणाऱ्यांस आम्ही सांगतों कीं, मालकाला आपली जमीन विकण्याचाही हक्क असतो. पणजोबाची जागा सुटली ती सक्तीनें. पणतवंडांनीं ती सोडली ती स्वखुशीनें, आणि भाव ठरवून. नगरपालिकेनें मात्र 2021 सालीं निषेधाचा मजकूर मंजूर केला, माफीचा शब्द टाळला. माफी मागितल्यास पैसे द्यावे लागतील अशी वकिलांची भीति असते म्हणतात. सल्ला देणारे वकील त्या गांवीं अजून आहेत, एवढेंच त्यावरून दिसतें.

परंतु या आनंदांत एक गोष्ट झांकून जात आहे. परत मिळाले ते ब्रूस यांचे तुकडे, कारण ते काउंटीच्या ताब्यांत होते. त्याच 1924 च्या ठरावानें ज्या इतर कृष्णवर्णी कुटुंबांचीं घरें गेलीं, त्यांच्या जमिनीवर नगराची बाग आहे. त्यांचें नांव कोणा किनाऱ्यास लागलें नाहीं, म्हणून त्यांचा दावाही कोणाच्या तोंडीं नाहीं. कागद नगराच्याच दप्तरांत आहेत. ते काढून, त्या कुटुंबांचे वारस कोठें आहेत याचा तपास नगरपालिकेनें स्वतःच्या खर्चानें करावा आणि त्यांचा हिशेब चुकता करावा, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.