रुग्ण लागोसला, परवाना पुण्याचा

पुण्या-मुंबईत उपचार घेऊन नायजेरिया-केनियाला परतलेल्या रुग्णांना व्हिडिओवर सल्ला द्यावा का, असे विचारणारी पत्रे सारखी येत आहेत. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे औषधांच्या लिस्ट ओ, ए, बी बारकाईने मांडतात आणि भारताबाहेरचा सल्ला एका ओळीत कक्षेबाहेर ठेवतात. परदेशी रुग्णाला मेडिकल व्हिसा मिळतो, पण तो घरी पोहोचल्यावर टीएसएच पाहून थायरॉक्सिनची मात्रा कोणी बदलायची, हे कुणीच सांगत नाही. ही बेपर्वाई आहे.

दुखणे आपल्यापुरते नाही. इबादान विद्यापीठातून डॉक्टर झालेले सॅम डॅगोगो-जॅक न्यूकॅसल, सेंट लुइस असे करत मेम्फिसला पोहोचले आणि २०१५ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या वैद्यक व विज्ञान शाखेचे अध्यक्ष झाले. एवढ्या तोलामोलाचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट असलेल्या त्या शहरात नियम काय? रुग्ण जिथे बसला आहे, परवाना तिथला हवा. मिसिसिपी नदीपलीकडे आर्कान्सात घरी बसलेल्याला व्हिडिओवर तपासायचे तर सहसा आर्कान्साची परवानगी लागते. तोच रुग्ण पूल ओलांडून टेनेसीत आला की प्रश्न मिटला. आणि इबादानमध्येच राहणाऱ्या रुग्णासाठी नायजेरियाच्या वैद्यकीय परिषदेचा चालू वर्षाचा परवाना. जन्माने, शिक्षणाने तिथलाच असलेल्या डॉक्टरलाही यातून सूट नाही.

या गोंधळात रुग्णाचा जीव जाऊ शकतो. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल अजून यू-४० मिळते, बाहेर बहुतेक ठिकाणी यू-१००. इथली सिरिंज घेऊन गेलेल्याने लागोसमध्ये व्हायल घेतली आणि २० च्या खुणेपर्यंत भरली, तर ५० युनिट आत जातात. एचबीएवनसीचेही तसेच. नायजेरियात सुमारे चौथा हिस्सा लोक सिकलसेलचे वाहक आहेत. २०१७ च्या जामामधील आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांच्या अभ्यासात तेवढ्याच उपाशीपोटीच्या साखरेला वाहकांचे एचबीएवनसी सरासरी ५.७२, इतरांचे ६.०१ आढळले. फोनवर आलेल्या एका आकड्यावर मात्रा ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये. सिकलसेल जिथे आपल्याकडेही आढळतो त्या गडचिरोली-नंदुरबारच्या सहकाऱ्यांनी तर मुळीच नाही.

नियम होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? डॉक्टरने डॉक्टरला सल्ला देण्याची पद्धत आपल्या तत्त्वांतही मान्य आहे, निर्णय उपचार करणाऱ्याचा राहतो. मग आपल्यातले बरेच जण डिस्चार्ज कार्डावर रुग्णाच्या गावच्या डॉक्टरचे नावही का लिहीत नाहीत? ते लिहा. औषधाचे जेनेरिक नाव, इन्सुलिनची तीव्रता, साखर मिलिमोलमध्येही लिहा. त्या डॉक्टरशी रुग्ण इथे असतानाच बोला.

या अडचणी एकत्र करून आम्ही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे पाठवणार आहोत. रुग्णाची ओळख वगळून आपापली प्रकरणे महिनाअखेरपर्यंत कळवा. नुसत्या तक्रारी नकोत, सोबत नेमका कोणता नियम हवा तेही लिहा.