कुरणाचा धनी कोण?

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला व्यापारी उरुळी कांचन मागे टाकून दौंड तालुक्यात शिरला म्हणजे कासुर्डीपाशी त्याची गाडी मंदावते. त्या क्षणभरात त्याने मान वळवून पाहिले तर सखल अंगास पाण्यावर पोसलेला हिरवागार ऊस आणि चढत्या अंगास भुलेश्वराच्या डोंगररांगेकडे पसरत गेलेला तांबूस, खडकाळ माळ त्याच्या दृष्टीस पडतो. उसाकडे पाहून तो मनात टनांचा हिशेब करतो. माळाकडे पाहून गुंठ्यांचा. या माळाची गुंठ्यावाचून आणखी काही किंमत असेल, ही गोष्ट त्याच्या मनास शिवतही नाही. यात त्या एकट्याचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या जमिनीस सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणतात, चावडीवर 'उजाड' म्हणतात आणि बाजारात 'अजून डेव्हलप न झालेली' म्हणतात, तिच्याविषयी कोणास आस्था वाटावी तरी कशी?

परंतु आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा माळ पडीक नाही. ते कुरण आहे. आणि कुरण हे शेताइतकेच अक्कलहुशारीने राखावे लागते. शेत राखणारा धनी असतो म्हणून शेत टिकते. कुरणास धनी पुष्कळ आहेत, परंतु राखणदार कोणीच नाही, म्हणून ते डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम या माळावर आहे काय, ते पाहू. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात मातीचा थर पातळ, खाली मुरूम, आणि पाऊस बेताचा. अशा भूमीवर निसर्गाने घनदाट अरण्य घातलेच नाही, गवत घातले. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी ही येथील खरी पिके होत. पाऊस पडला की त्यांची मुळे मातीस धरून ठेवतात, पाणी अडवून मुरवतात, आणि मग तेच पाणी खालच्या शिवारातील विहिरींस लाभते. या गवतावर चिंकारा चरतो. त्यात तित्तर व चंडोल घरटी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी येथे टोळ टिपतात. आणि खोकड, तरस व लांडगा हे या राज्याचे जुने वतनदार आहेत. भारतीय लांडग्यांची संख्या साऱ्या देशात सुमारे तीन हजारच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघाच्या नावाने देशभर प्रकल्प उभे राहिले. संख्येने वाघाहून कमी असलेला हा प्राणी मात्र दौंड, शिरूर, बारामती, इंदापूरच्या माळांवर, आमच्या उपाहारगृहांच्या उकिरड्यांपासून हाकेच्या अंतरावर, कसाबसा दिवस काढीत आहे.

माणसाचेही या कुरणावर थोडे उपकार झालेले नाहीत. या पट्ट्यास पूर्वी भीमथडी म्हणत. मराठ्यांचा घोडा ज्या भीमथडी तट्टांनी नावारूपास आणला, ती तट्टे उसाच्या वाढ्यांवर नव्हे, याच गवतावर पोसली. पेशवाईत सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखीव असत. आजही धनगरांचे वाडे मेंढरांसह येथून फिरतात. शेतकऱ्यास लेंडीखत मिळते, धनगरास चारा. हा व्यवहार कोणत्याही बँकेच्या वहीत चढत नाही, इतकाच त्याचा अपराध!

आता या कुरणाचा नाश कोणत्या वाटांनी चालला आहे, तेही सांगितले पाहिजे. पहिली वाट नांगराची. पाणी आले की माळ फुटतो. पोटासाठी केलेल्या या गोष्टीस सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. दुसरी वाट प्लॉटची. तीत पोटाचा प्रश्न नसतो. पुण्यातील पैसा येतो, डोंगरउतार जेसीबीने सपाट होतो, तारेचे कुंपण पडते आणि पुढे वर्षानुवर्षे त्या जागी घरही उभे राहत नाही, गवतही उगवत नाही. तिसरी वाट सर्वांत चमत्कारिक, कारण ती पुण्यकर्माच्या नावाने काढलेली आहे. माळ 'उजाड' दिसतो म्हणून तेथे चर खणावयाचे, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावावयाची, छायाचित्र काढावयाचे आणि परत जावयाचे. चर खणताना गवताची मुळे उखडतात. पुढे झाडे वाढली तर सावलीने गवत मरते, आणि न वाढली तर नुसते खड्डे उरतात. झाड लावणे हे सत्कृत्य खरे, परंतु ते ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात. कुरणात झाडे लावणे म्हणजे ज्वारीच्या उभ्या पिकात वड लावण्यासारखे आहे. चौथी वाट बेसुमार चराई व वणव्याची, आणि पाचवी मोकाट कुत्र्यांची. महामार्गाच्या कडेस पडलेल्या कचऱ्यावर कुत्री वाढतात; ती चिंकाऱ्याची पाडसे फाडतात, लांडग्यांस रोग लावतात, आणि त्यांचा लांडग्यांशी संकर झाल्याचे पुणे परिसरात शास्त्रज्ञांनी २०२३ साली सिद्धही केले आहे.

जमिनीचे रूप बदलले की जनावरांची वाटणीही बदलते. शिरूर तालुक्याचा उत्तरभाग याची कडू साक्ष देतो. बिबट्या हे काही उघड्या माळाचे जनावर नव्हे. परंतु बारमाही उसाने त्यास घर दिले आणि मोकाट कुत्र्यांनी अन्न. पिंपरखेड व जांबूत या भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोड्या दिवसांच्या अंतराने लहान मुलांसह माणसांचे बळी गेले, लोक संतापून रस्त्यावर उतरले. त्या माउलींच्या दुःखापुढे कोणाचेही तत्त्वज्ञान चालावयाचे नाही. आम्हांस त्यातून एवढेच दिसते की, जमीन कशी वापरावयाची याचा विचार आपण आधी केला नाही, तर कोणते जनावर आपल्या दाराशी यावे हे ठरविण्याचा अधिकार पुढे आपल्या हाती राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, कायदा आहे, अभयारण्ये आहेत, मग एवढी ओरड कशाला? कायदा आहे, हे खरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने देशात छंदाची शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली हे योग्यच झाले. परंतु कायदा बंदूक अडवितो. नांगर, जेसीबी आणि कचरा यांपुढे त्याचा हात तोकडा पडतो. अभयारण्ये म्हणाल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली स्थापलेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरांचे आहे, आणि काळविटांसाठी १९८० साली झालेले कर्जत तालुक्यातील रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटरांचे. तेथील खात्याने काम चांगले केले आहे. परंतु लांडग्याची एक टोळी याच्या कितीतरी पट मुलूख तुडविते. तिचा संसार अभयारण्याबाहेर, म्हणजे तुमच्या-आमच्या जमिनीवरच चालतो.

बरे, अभयारण्य मोठे केले तर काम होईल काय? याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील नान्नजने दिले आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य कागदावर आखले गेले. त्यात गावे आली, बाजार आले, हजारो खातेदारांची शेते आली. त्या खातेदारांच्या वाट्यास निर्बंध आले, लाभ काहीच आला नाही. तेव्हा ज्या पक्ष्याचे कौतुक व्हावयाचे तो लोकांस अडचण वाटू लागला. शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले, आणि आज तेथे माळढोक दिसणे जवळजवळ बंद झाले आहे. गवत फोडून बागायत आली, वीजतारा आल्या, ही कारणे आहेतच. परंतु आमच्या मते मूळ चूक ही की, जमिनीच्या धन्यास रक्षणाचा भागीदार न करता आरोपी केले.

याच्या उलट दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. राधानगरीजवळचे दाजीपूरचे रान कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान होते. शिकारीसाठी का होईना, धन्याने ते जपले. म्हणूनच १९५८ साली तेथे गव्यांचे अभयारण्य करता आले. दुसरे उदाहरण परदेशचे. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात बहुतेक जमीन खाजगी आहे. हरीण सरकारच्या मालकीचे, परंतु रानात शिरण्याची परवानगी जमीनमालकाच्या हाती. ती तो पैसे घेऊन देतो. हरणे टिकली तर उत्पन्न टिकते, म्हणून तो गुरे बेताने चारतो, पाणवठे राखतो आणि मुलाबाळांच्या हाती चांगले रान सोपवितो. बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लावण्याचा कायदा तेथे १९३७ सालीच झाला. आफ्रिकेत नामिबियाने १९९६ साली असाच लाभ गावसमाजांस देऊ केला.

आमच्या देशात पुन्हा शिकार खुली करावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आमच्याकडे माणसे दाट, रान थोडे आणि प्राणी त्याहून थोडे. पिकांचा विध्वंस करणाऱ्या रानडुकरासाठी परवान्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे, तेवढी पुरे. उलट, चोरटी शिकार करणाऱ्यांपैकी रात्री मोटारीतून प्रखर दिवे लावून येणारा शहरी बंदूकवाला सुटतो आणि फासेपारध्याच्या झोपडीवर आधी धाड पडते, हा अन्याय थांबला पाहिजे. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली तो पुसला असे आपण म्हणतो, त्यांना माळाची नस जितकी ठाऊक आहे तितकी आम्हा पुस्तकी मंडळींस नाही. त्यांतून राखणदार व वाटाडे नेमले तर एकाच खर्चात दोन कामे होतील. परदेशापासून घ्यावयाचे ते तत्त्व बंदुकीचे नव्हे. जो कुरण राखील त्यास कुरणापासून चार पैसे मिळाले पाहिजेत, हे आहे.

हे कसे साधेल? यास फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक ग्रामसभेने वर्षातून एकदा आपल्या गायरानाचे गट व हद्दी मोठ्याने वाचून दाखवाव्या. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत सर्व राज्यांस बजावले आहे, तेव्हा हे काही कृपेचे काम नव्हे. माळाचे चार भाग करून पाळीने एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवावा. पाळी ठरविताना धनगरांस बोलवावे, कारण वर्षाची वाट त्यांची ठरलेली असते. गवताची कापणी बी झडल्यावरच करावी, काही पट्टे जनावरांसाठी उभे सोडावे, आणि कापलेल्या गवताचा लिलाव करून तो पैसा जाळरेषा, पाणवठे व राखणदार यांवरच खर्चावा. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून विळ्याने गवत कापून नेण्याची शिस्त लावली, आणि गावाचे दूध वाढले, कमी झाले नाही. वनखात्याने गवताळ जमिनीवर चर व झाडे यांचा हट्ट सोडावा. इंदापूरच्या कडबनवाडीस व बारामतीच्या शिर्सुफळास खात्याने माळरानाची सफर सुरू केली आहे. तिच्या शुल्कातील न्याय्य वाटा गावास पोहोचतो की नाही, यावर तिचे यश ठरेल. लांडग्याने मेंढी मारली तर भरपाईचा नियम आहे. पण फिरत्या धनगराने पंचनाम्यासाठी चार दिवस एका जागी थांबावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. छायाचित्र व दोन साक्षी यांवर जागच्या जागी निकाल लागला पाहिजे. ज्याची मेंढी फुकट गेली, त्याने लांडग्यावर दया करावी असे कोणत्या तोंडाने सांगावे?

आता आमच्या वाचक व्यापाऱ्यांस दोन शब्द. यवत, केडगाव, दौंड, शिरूर येथील बाजारपेठांतील पुष्कळ नफा आज माळाच्या प्लॉटांत जाऊन बसतो. आपण ती जमीन घेतली, हा आपला हक्क. परंतु घर बांधावयाचे नसेल तोवर ती सपाट करू नका. कुंपण घालावयाचे तर खालची तार चिंकाऱ्यास जाता येईल इतकी उंच ठेवा. गवत धनगरास थोडक्या खंडाने द्या. जमीनही राहील, गवतही राहील. शेजारच्या दहा मालकांनी मिळून असा करार केला, तर सरकारी पाटीवाचून एक लहानसे अभयारण्य उभे राहील. आपल्या दुकानांचा व उपाहारगृहांचा कचरा माळावर न टाकणे, एवढ्यास तर कराराचीही आवश्यकता नाही.

सातबाऱ्यावर आज ज्यांची नावे आहेत त्यांच्या मागे आजोबांची नावे होती. पुढे नातवांची लागतील. दुकानाचा धनी भांडवल खाऊ लागला तर त्यास आपण दिवाळखोर म्हणतो, व्याजावर जगला तर शहाणा. गवत हे माळाचे व्याज आहे आणि माती हे भांडवल. कासुर्डीच्या वाटेने जाताना पुढच्या वेळी गुंठ्यांचा हिशेब करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस इतके विचारावे की, आपण यांतील काय खात आहो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे देणारी माणसे प्रत्येक गावात चार जरी निघाली, तरी या कुरणास धनी मिळाला असे आम्ही समजू.