रुळावरची वाळू, छातीतली धूळ

गंगापूर शहरातून रेल्वे जात नाही. तालुक्याला रेल्वे भेटते ती लासूर स्टेशनला, मनमाड-काचीगुडा मार्गावर. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास टाकलेला हा मीटरगेज मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला आणि त्यावरून जड मालगाड्या धावू लागल्या. पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर अशी गाडी उभी राहिली आणि पुन्हा निघाली, की कधी कधी इंजिनाची चाके जागच्या जागी गरगर फिरतात, गाडी मात्र हलत नाही. मग लोको पायलट सँडर सुरू करतो. चाकापुढच्या नळीतून कोरडी वाळू रुळावर पडते, चाक पकड घेते आणि गाडी निघते.

प्रवाशांना याचा पत्ताही नसतो. इतक्या मोठ्या यंत्राला वाळूच्या कणांचा आधार लागतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पण ही वाळू वाळवणाऱ्या, चाळणाऱ्या आणि इंजिनात भरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात काय जाते, हा प्रश्न त्याहून कमी विचारला जातो.

चाक का घसरते?

लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांचा एकमेकांना स्पर्श होतो तो जेमतेम एखाद्या नाण्याएवढ्या जागेत. तेवढ्या जागेवर इंजिनाचे सुमारे दहा टन वजन असते. घर्षण कमी असल्यामुळेच रेल्वे कमी इंधनात प्रचंड माल ओढू शकते. पण तेच कमी घर्षण चढावर आणि ओल्या रुळावर आडवे येते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सह्याद्रीतले दोन घाट. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट. दोन्हीकडे चढ ३७ ला १ इतका, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. हिशेब सोपा आहे. हजार टनांची गाडी आणि १२० टनांचे इंजिन धरले, तर या चढावर गुरुत्वाकर्षण त्यांना सुमारे ३० टनांच्या जोराने मागे खेचते. कोरड्या, स्वच्छ रुळावर इंजिनाला स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पकड मिळते असे मानले, तर त्याचा जोर ३६ टनांपर्यंत जातो. रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली, की तोच जोर १८ टनांवर येतो. मोटार कितीही ताकदीची असो, चाक नुसते फिरत राहणार. म्हणून घाटात गाडीला मागून बँकर इंजिने लावतात आणि प्रत्येक इंजिनात वाळू असते.

व्यवस्था साधी आहे. इंजिनावर सँड बॉक्स असतात. त्यांतली वाळू दाबाखालच्या हवेने नळीतून ढकलली जाते आणि चाक व रूळ यांच्या सांध्यात नेमकी पडते. चाकाखाली कण चिरडतात, रुळावरचा ओला, तेलकट थर फोडतात आणि पकड वाढवतात. ब्रेक लावतानाही हीच वाळू उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी सॅलिसबरीजवळ दोन प्रवासी गाड्यांची टक्कर झाली. झाडांच्या पाल्याने रूळ निसरडे झाले होते आणि एक गाडी सिग्नलपाशी थांबूच शकली नाही. पकड गेली की काय होते, हे त्या अपघाताने दाखवले.

आजच्या थ्री-फेज विद्युत इंजिनांत चाक घसरू लागताच मोटारीचा जोर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा असते. त्यामुळे वाळूची गरज कमी झाली आहे, संपलेली नाही. वाळू बंद करा, असे कोणी म्हणू नये. तिच्यावर शेकडो जणांचा जीव अवलंबून असतो.

जो गुण, तोच दोष

या कामाला कुठलीही वाळू चालत नाही. ती कठीण हवी, म्हणजे तिच्यात क्वार्ट्झ, अर्थात स्फटिकी सिलिका, भरपूर हवी. आणि ती कोरडी हवी, कारण दमट वाळूचे गोळे होऊन नळी तुंबते. म्हणून वाळू भट्टीत वाळवायची, चाळायची आणि सँड बॉक्समध्ये ओतायची, अशी रीत रेल्वेत वाफेच्या इंजिनांपासून चालत आली.

नेमक्या याच दोन गुणांमुळे ती छातीला घातक ठरते. कण कठीण असल्याने शरीरात विरघळत नाहीत. कोरडे असल्याने हवेत तरंगतात. डोळ्यांना दिसणारा वाळूचा दाणा फुप्फुसात जात नाही, तो नाकातच अडकतो. धोका असतो तो चाळताना, ओतताना, पोती झटकताना उडणाऱ्या अतिसूक्ष्म भुकटीचा. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक कण फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. उन्हाच्या तिरिपेत चमकणारी धूळ माणूस झटकतो. खरी घातक धूळ मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि खाली बसायलाही बराच वेळ घेते.

वायुकोशात शिरलेला कण गिळायला पांढऱ्या पेशी धावतात. सिलिका गिळलेली पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी येते, तीही मरते. या न संपणाऱ्या झटापटीत फुप्फुसात गाठी आणि व्रणासारखा कडक भाग तयार होतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. सामान्यतः तो दहा वर्षांहून अधिक काळ धुळीत काम केल्यावर दिसतो. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि अतिशय दाट धुळीत काही महिन्यांतही. सुरुवातीला फक्त कोरडा खोकला, जिना चढताना धाप. पुढे घरात चालतानाही दम लागतो. कडक झालेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला माणसात कर्करोग घडवणारा घटक ठरवले.

आपल्याकडे याहून मोठी अडचण क्षयरोगाची आहे. सिलिकेने जखमी झालेल्या पेशी क्षयाच्या जंतूंना आवरू शकत नाहीत. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट असतो. उलट बाजूही आहे. दोन्ही आजारांत खोकला, दम, वजन घटणे आणि एक्स-रेवर वरच्या भागात ठिपके दिसतात. त्यामुळे सिलिकोसिसचा माणूस क्षयाचा समजून औषधांचे एकामागून एक कोर्स घेत राहतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी गोळ्या सुरू. बरे वाटत नाही म्हणून डॉक्टर बदलले जातात. आणि तो पुन्हा त्याच कामावर, त्याच धुळीत जातो.

गंगापूरचा संबंध काय?

गंगापूरच्या माणसाला वाळू नवी नाही. कायगावला गोदावरीचे पात्र आहे आणि वाळूचे ट्रॅक्टर कोणी पाहिले नाहीत? पण गोदेची वाळू आणि इंजिनाची वाळू एक नाही. दख्खनचा काळा बेसाल्ट खडक झिजून झालेल्या वाळूत मोकळे क्वार्ट्झ तुलनेने कमी असते. उच्च सिलिकेची वाळू वेगळ्या खडकांतून येते. महाराष्ट्रात ती सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडाघाट परिसरात निघते आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण धोका ‘वाळू’ या शब्दात नसून तिच्यातल्या सिलिकेत आणि धुळीत आहे. ओल्या पात्रातून वाळू भरणाऱ्याच्या मानाने बंद शेडमध्ये कोरडी सिलिका वाळू चाळणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. वाळूज औद्योगिक वसाहत गंगापूर तालुक्याच्याच हद्दीत वाढली. तालुक्यातले असंख्य तरुण शेतीचे भागत नाही म्हणून कारखान्यांत, बांधकामावर, रेल्वेच्या कंत्राटी कामावर जातात. साच्याच्या वाळूत ओतकाम करणारा, सँड ब्लास्टिंग करणारा, टाइल्स आणि दगड कापणारा, इंजिनात वाळू भरणारा, यांची कामे वेगळी असली तरी छातीत जाणारी धूळ एकच आहे. त्यातला कंत्राटी कामगार सर्वांत उघडा. दोन वर्षे एका ठिकाणी, दीड वर्ष दुसरीकडे. आजार दिसेपर्यंत कंत्राटदार बदललेला असतो आणि कामाचा कागद कुठेच नसतो.

तो शेवटी येतो गंगापूरच्या सरकारी रुग्णालयात, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत. केसपेपरवर नाव, वय, गाव लिहिले जाते. व्यवसायापुढे लिहिले जाते ‘मजुरी’. निदान इथेच हुकते. ‘मजुरी’ हा शब्द शेतात निंदणी करणाऱ्यालाही लागू होतो आणि पंधरा वर्षे वाळू चाळणाऱ्यालाही. सिलिकोसिसच्या निदानाला महागड्या तपासण्यांची गरज पहिल्या टप्प्यावर नसते. कामाचा नीट इतिहास आणि साधा एक्स-रे एवढ्यावर संशय पक्का होतो. एक्स-रे निघतो. इतिहास विचारायचा राहतो, कारण ओपीडीत रांग मोठी असते.

कायदा आहे, नोंद नाही

सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्यापासून अधिसूचित आजार आहे. म्हणजे तो आढळला की डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो यादीत आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांना स्थान आहे. पण केसपेपरवर क्षय लिहिला गेला, तर यातले काहीच लागू होत नाही. चुकीच्या निदानाने रुग्णाची औषधे चुकतात, तशीच त्याच्या घरच्यांची हक्काची भरपाईही बुडते.

राजस्थानने २०१९ मध्ये अशा धूळजन्य आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणले. दगडाच्या खाणींतल्या असंघटित कामगारालाही नोंदणी, तपासणी, प्रमाणपत्र आणि मदत मिळावी, ही त्याची दिशा. महाराष्ट्राने त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

रेल्वेकडून अपेक्षा करणेही रास्त आहे. शिस्तीने नोंदी ठेवणारी दुसरी एवढी मोठी संस्था देशात क्वचितच असेल. सँडर चालतो की नाही, पेटीत वाळू आहे की नाही, हे तपासले जाते. तशीच ती वाळू हाताळणाऱ्याच्या श्वासाची तपासणी व्हावी. वाळू बंद यंत्रात वाळवणे, पोत्याऐवजी नळीने भरणे, धूळ जागीच ओढून घेणारे पंखे बसवणे, झाडूऐवजी ओले पुसणे किंवा व्हॅक्यूम वापरणे हे सारे जुने, सिद्ध उपाय आहेत. कंप्रेसरच्या हवेने धूळ उडवून सफाई करण्याची सवय तर आजच बंद व्हावी. शेडच्या हवेतली सिलिका मोजावी आणि आकडे कामगारांना दाखवावेत. कायम आणि कंत्राटी असा भेद न करता दोघांचाही ठरावीक काळाने एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, व्हावी.

पर्याय शोधायलाही हरकत नाही. ब्रिटनने १९४९ मध्ये कारखान्यांतल्या ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगसाठी सिलिकायुक्त वाळू वापरण्यावर बंदी घातली आणि उद्योग बंद पडले नाहीत. जपानमध्ये पकड वाढवण्यासाठी रुळावर ॲल्युमिनाचे बारीक कण फवारण्याची पद्धत विकसित झाली आहे. खर्च वाढेल हे खरे. पण निकामी फुप्फुसाचा खर्चही कोणीतरी करतच असते. आज तो कामगाराचे घर करते.

ज्यांचे काम धुळीचे आहे त्यांनी

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा सिलिकेचा सूक्ष्म कण अडवत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क मागून घ्यावा. मास्क हा शेवटचा उपाय आहे, धूळ कमी करणे हा पहिला. कामाचे कपडे घरी झटकू नयेत, कारण ती धूळ मुलांच्या श्वासात जाते. बिडी-सिगारेट सोडावी. धूम्रपान आणि सिलिका मिळून फुप्फुसाची दुप्पट नासाडी करतात. गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते, हा समज अनेक कामगारांत आहे. वायुकोशात गेलेली सिलिका गुळाने निघत नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, चढताना दम, वजन घटणे, रात्रीचा ताप यांपैकी काहीही असेल तर सरकारी रुग्णालयात जावे. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. सिलिकोसिस आहे म्हणून क्षय नाही, असे समजू नये. दोन्ही एकत्र असू शकतात आणि मग क्षयाचे उपचार अधिक काळ चालवावे लागू शकतात. जागतिक आरोग्य संघटनाही सिलिका धुळीत काम करणाऱ्यांची क्षयासाठी नियमित तपासणी करायला सांगते.

आणि डॉक्टरने विचारले नाही, तरी स्वतःहून सांगावे: कोणते काम केले, किती वर्षे, कोरड्या धुळीत की ओल्या, बंद जागेत की उघड्यावर. जुने हजेरीकार्ड, गेटपास, पगाराची पावती जपून ठेवावी. जुने एक्स-रेही टाकू नयेत, कारण दोन एक्स-रे शेजारी ठेवले की आजार वाढतो आहे का ते कळते. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘मजुरी’ या शब्दापुढे एवढे तरी लिहावे, ‘कोरडी वाळू चाळणे, १२ वर्षे’. पुढचे उपचार आणि भरपाई दोन्ही त्या एका ओळीवर अवलंबून असतात.