शहानिशा

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले, तेव्हापासून छापील मजकुराच्या खरेखोटेपणाची जबाबदारी संपादकाच्या शिरावर होती. आज ती, कोणताही करारनामा न होता, भ्रमणध्वनी बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे आली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर विश्वासून, जमावाने भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्या काळात देशभर फिरणारी, मूल पळवल्याचे दाखवणारी एक ध्वनिचित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. मूल परत आणून सोडल्याचा भाग तेवढा कोणीतरी कापला होता. एवढ्याशा कर्तनाने अर्थाचा केवढा अनर्थ व्हावा, या विचाराने आजही मन विषण्ण होते. पुढे व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यास मज्जाव केला, हे योग्यच झाले. परंतु तेवढ्याने भागणारे नाही. वाचकहो, मजकूर कोणी, केव्हा, कोठे आणि कोणत्या हेतूने तयार केला याची शहानिशा करण्याची विद्या शाळेच्या वर्गात तशीच घरच्या ओसरीवरही शिकवली जावी, यासाठी या अंकापासून आमच्यासोबत या.