डासांना औषधाची सवय होते का?

'फवारणी करूनही डास का मरत नाहीत?' असं विचारलं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं लिहितात, 'डासांना औषधाची सवय झाली.' आपणही घरी हेच बोलतो. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते चुकलं की उपायही चुकतो.

हजार डासांवर फवारा मारला, तर त्यातल्या दोन-चार डासांत जन्मतःच काहीतरी वेगळं असू शकतं. एखाद्याच्या शरीरात विषाचं विघटन करणारी विकरं जास्त असतात, तर एखाद्याच्या चेतापेशीवर विष जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते. बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिल्लावळ ह्यांचीच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एका पावसाळ्यात किती पिढ्या होतील, ते मुलांनाच मोजू द्या! 'सवय' हे लामार्कच्या जिराफाचं उत्तर झालं. डास मात्र डार्विनच्या बाजूचे.

डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला म्हणून पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. आपल्या देशात १९५३ पासून घरोघरी त्याची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत हिवतापाचे रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखावर आले. १९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांवर गेला! कामातली ढिलाई होतीच, पण डीडीटीला दाद न देणारे डास हेही त्यामागचं मोठं कारण.

म्हणून पालकसभेत 'दर आठवड्याला शाळेत धूर मारा' अशी मागणी आली की मी अवघडतो. काळजी खरी आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी डेंग्यूने दवाखान्यात होती. साथ असेल तेव्हा धूर जरूर करावा. पण तो लागतो उडणाऱ्या डासांना, पाण्यातल्या अळ्यांना नाही. उठसूट वापरलं तर ऐन साथीत तेच औषध बोथट झालेलं असेल. पाण्याबाहेर ओतलेली अळी मात्र कुठल्याच जनुकाच्या जोरावर वाचत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कोरड्या कडेलाही महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे कोरडा दिवस पाळायचा म्हणजे पिंप नुसतं उपडं करायचं नाही, आतून खसाखसा घासायचं.

येत्या शनिवारी मुलांना घेऊन शाळेत अळ्या शोधा. आमच्याकडे पहिल्या अळ्या सापडल्या त्या शिक्षकांच्याच खोलीत, मनी प्लांटच्या बाटलीत.